खळ

दोन मुठी कणीक, तांब्याभर पाणी,
गुठळी धरू नये म्हणून ढवळत राहायचं.
सत्तावीस वर्षं या डोंगरात पत्रं वाटली मी.
आता पत्रं येत नाहीत.
येतात ते छापील कागद, काळ्या चौकटीचे,
खालच्या शहरातून, बसच्या ड्रायव्हरच्या हाती.

माणूस गेलं की आमच्याकडे कागद लावतात.
फोटो, नाव, वय, शोकाकुल कोण कोण.
त्याच्या दारावर, चर्चच्या फाटकावर,
चौकातल्या अक्रोडाच्या खोडाला,
बसथांब्याच्या पत्र्यावर.
पूर्वी चाळीस प्रती पुरत नसत.
या हिवाळ्यात बारा मागवते, चार उरतात.
दारं आहेत तेवढीच आहेत.

आधी त्सोंका गेली.
कागदावर, वय एक्क्याऐंशी, प्रेमळ माता.
प्रेमळ!
चिमटा फेकून मारायची पोरांना.
सप्टेंबरात अंगणात चूल पेटवून
तांबड्या मिरच्या भाजायला बसली
की वरच्या आळीपर्यंत ठसका.
मग बरण्या भरून घरोघर द्यायची
आणि परत न आलेल्या प्रत्येक बरणीची
भिंतीवर खडूने रेघ.
माझ्या नावावर तीन आहेत.
धुऊन ठेवल्यात.

मग स्तोइमेन. अकरा दिवसांनी अस्पारुह.
झाड अस्पारुहच्या आवारात,
प्लम पडायचे स्तोइमेनकडे.
एवढ्यावरून एकोणीस वर्षं अबोला.
भांडायचे मात्र टपालाने.
वीस पावलांवरचं घर,
पण पाकीट, तिकीट, पूर्ण पत्ता,
खाली जाऊन, शिक्का खाऊन
नवव्या दिवशी माझ्याच पिशवीतून वर.
मी एकही उघडलं नाही.
एकदा फक्त उजेडाला धरलं होतं,
वाचता आलं ते एवढंच: "आणि तुझी शेळी".

स्तोइमेनचा कागद अक्रोडाला लावला
तेव्हा अस्पारुह आला, टोपी हातात,
बराच वेळ उभा.
फोटोवर पाखराची घाण पडली होती,
नखाने खरवडून काढली त्याने.
बोलला नाही काही.
आता कुणाला लिहिणार होता?

थांब्याच्या पत्र्यावर दोघांच्या मध्ये
मी वीतभर जागा सोडली, सवयीने.
फेब्रुवारीत तिथे मिंचो आला.

मिंचो, जो त्याच थांब्यावर बसून
प्रत्येक नवा कागद मोठ्याने वाचायचा,
ज्यांचे चष्मे हरवलेत त्यांच्यासाठी,
पुढे पुढे नुसत्या कुत्र्यासाठी.
आणि छापखान्याच्या चुका काढायचा:
"एक्क्याऐंशी कुठली? त्र्याऐंशी!
माझ्या थोरल्या बहिणीच्या वर्गात होती त्सोंका."

आज त्याचा चाळिसावा.
गहू उकडले, वर पिठीसाखर,
कागदी पेले पाच मांडले बाकावर.
बस आली. उतरलं कुणी नाही.
ल्युबेनने इंजिन बंद केलं,
एरवी चढावर तो कधी बंद करत नाही,
पायरीवर बसला, म्हणाला, "वाच की."
वाचलं मी. नाव. वय सत्त्याहत्तर.
"बरोबर आहे का वय?"
काय सांगणार?
चुका काढणारा कागदात.

खाली छापलंय, अश्रूंना खळ नाही.
छापखान्यात ते वाक्य तयारच असतं.
मला रडू आलं नाही. बोटं चिकटत होती,
खळ नखांत वाळून पांढरी झाली होती.
ल्युबेनने एक पेला खाल्ला,
एक वाटेसाठी घेतला,
आणि गाडी उतारावर सोडून मगच सुरू केली.

येताना त्सोंकाच्या अंगणात गेले.
चुलीत बर्फ.
दोन बरण्या उंबऱ्यावर उपड्या ठेवल्या,
ओल्या बोटाने दोन रेघा पुसल्या.
एक बरणी
अजून माझ्याकडे आहे.